बऱ्हाणपूरच्या नकाशावरची रेघ

बऱ्हाणपूरला मी प्रमुख पाहुणी म्हणून गेले आणि भांडून परत आले. आता शेजारणी विचारतात, किल्ला पाहिला का, जामा मशीद पाहिली का, तापीवर गेलात का. किल्ला बाहेरून पाहिला. मशिदीत गेले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. मावा जलेबी मात्र भरपूर खाल्ली, कारण रागात मी नेहमीच जास्त खाते. तो राग गावावर नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. गावाने मला चांगलंच वागवलं.

माझं काम काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी गणित करते. आमच्या संस्थेत एखादा अवाढव्य प्रश्न तुकडे पाडून कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचे प्रोग्रॅम लिहितात. समजा, एका खोऱ्यात जमिनीखालचं पाणी कुठे किती खोल आहे आणि कुठून कुठे सरकतंय, हे काढायचं आहे. अख्खं खोरं एका मशीनच्या पोटात मावत नाही. मग खोऱ्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका मशीनला द्यायचा. आतलं गणित सोपं असतं. खरी अडचण कडांवर असते. शेजारच्या तुकड्यातून आपल्या कडेला किती पाणी येतंय, हे कुठल्याच मशीनला आधी माहीत नसतं. म्हणून प्रत्येकाने एक अंदाज धरायचा, आपला तुकडा सोडवायचा, कडेवर काय आलं ते शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्याचं ऐकायचं आणि पुन्हा सोडवायचं. कडेवर दोघांचं उत्तर एक होईपर्यंत हे चालू ठेवायचं. दोन तुकड्यांत एक सामाईक पट्टा राखला तर लवकर जमतं. विमानाच्या पंखापासून हवामानापर्यंत सगळीकडे ही पद्धत वापरतात. आमच्या प्रोग्रॅमबरोबर जी पुस्तिका जाते तिच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, की कडा जुळत नाहीत तोवर हाती आलेल्या आकड्यांना उत्तर म्हणू नये.

ही ती वर्षं, जेव्हा आपला बाजार जगाच्या बाजाराला जोडला जात होता आणि रोज वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून येत होतं. बऱ्हाणपूरची केळी कंटेनरमधून आखातात जाऊ लागली होती. केळी वाढली तशा बोअर वाढल्या. मग पाणी किती उरलंय ते बघावं असं सरकारी कार्यालयाला वाटलं, त्यांनी ते काम एका खाजगी कंपनीला दिलं, आणि कंपनीने आमच्या संस्थेकडून माझा प्रोग्रॅम घेतला. पुढचं मला कुणी कळवलं नाही. वर्षभराने एकदम निमंत्रण आलं. ‘आपल्या पद्धतीने तयार झालेल्या भूजल नकाशाचा विस्तार समारंभ’, असं त्यात होतं. मला बरं वाटलं. आमच्या कामाचं कुणी समारंभाला बोलावत नाही.

लालबाग

स्टेशन लालबागेत आहे, शहर तिथून जरा आत. मला घ्यायला कंपनीचा शैलेश आला होता. मूळचा इंदूरचा, तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात. नकाशाचं सगळं काम त्यानेच केलं होतं आणि मला भेटून तो खरोखर खूश झाला होता, हेही सांगायला हवं.

“मॅडम, आधी नाश्ता. इकडे सकाळी जलेबीच चालते,” म्हणत त्याने मला एका दुकानासमोर उभं केलं. आपल्याकडची जिलबी पिवळी, कुरकुरीत, पाकाने चिकट. ही काळपट तपकिरी, हाताच्या बोटाएवढी जाड, माव्याची, आत गुलाबजामासारखी. सकाळी सातला हे पोटात घालायचं म्हणजे पुणेरी मनाला अपराधच, पण एक खाल्ल्यावर दुसरी नाकारता येत नाही. शेजारी उभी असलेली सगळी माणसं जलेबी खाऊन लगेच कामाला निघत होती. आमच्याकडे इतकं गोड खाल्ल्यावर लोक झोपतात.

मग तो मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेला. मुघलांच्या काळातली ही पाण्याची व्यवस्था. सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणलेलं, वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या. खाली उतरायला लिफ्ट आहे. वीज नव्हती, म्हणून लिफ्ट नव्हती. त्या काळात मध्य प्रदेशात वीज येते कधी आणि जाते कधी, हे विचारण्यात अर्थ नसायचा. मी कठड्यावरून आत वाकून पाहिलं. खोल खाली पाण्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. शैलेशने फार दिलगिरी व्यक्त केली, जणू वीज त्यानेच घालवली होती.

तिथून आम्ही त्या सरकारी कार्यालयात गेलो आणि माझी सहल तिथे संपली.

तिथल्या मुख्य साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. वर सातपुडा, खाली तापी. मधे रंग. लाल म्हणजे पाणी फार उपसलं गेलेलं, तिथे नव्या बोअरला बंदी. निळा म्हणजे पाणी भरपूर, तिथे परवानगी. रंग हळूहळू बदलायला हवे होते. लालाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा, असं होत होत निळा. असीरगडच्या रस्त्याच्या एका बाजूला तसं नव्हतं. तिथे गडद लाल संपत होता आणि त्याला चिकटून गडद निळा सुरू होत होता. मधली रेघ पूर्व-पश्चिम, फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ.

जमिनीखालचं पाणी असं कधी वागत नाही. मला एका नजरेत कळलं की ती रेघ कुठून आली. तिथे माझ्या प्रोग्रॅमने तुकडा पाडला होता.

“शैलेश, ही कड आहे ना? दोन तुकड्यांमधली?”

“हो मॅडम.”

“फेऱ्या किती केल्यात?”

तो साहेबांकडे बघायला लागला. साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

“एक,” तो म्हणाला.

एक फेरी म्हणजे शून्य फेऱ्या. एक फेरी म्हणजे दोन शेजाऱ्यांनी आपापले अंदाज धरून दारं लावून घेणं. मी विचारलं, अंदाज कुठले धरले. वरच्या तुकड्याच्या कडेला विहिरींची उन्हाळ्यातली पातळी दिली होती, कारण तेवढीच हाताशी होती. खालच्या तुकड्याचे आकडे उशिरा आले, ते पावसाळ्यानंतरचे होते. म्हणजे वरच्याला सांगितलं की शेजारी कोरडा आहे, खालच्याला सांगितलं की वरून भरपूर पाणी येतंय. दोघांना एकमेकांशी बोलू दिलं असतं तर हे खोटं आपोआप धुऊन निघालं असतं. बोलू दिलं नाही. सामाईक पट्टा तर रंग भरताना मधोमध कापून अर्धा लाल आणि अर्धा निळा रंगवला होता.

“मॅडम, मी कंपनीत वर बोललो होतो. लेकिन टाइम नव्हता. पूर्ण चालवायला मशीन अनेक दिवस लागत होत्या, आणि रिपोर्टची तारीख आली होती.”

“पुस्तिका वाचली होतीत?”

“वाचली होती.”

ते मला जास्त लागलं. न वाचता केलं असतं तर मी समजू शकले असते.

साहेबांनी बिस्कीट संपवलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, नकाशा पास झालाय. वर्षभर त्याच्यावर परमिशन निघताहेत. आता नदीच्या खालच्या पूर्ण पट्ट्यात हीच पद्धत लावायची आहे. परवा कार्यक्रमात तुम्ही दोन शब्द चांगले बोला.”

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, ‘गणितीय पद्धत’ या शब्दांपुढे, माझं नाव छापलेलं होतं. पदव्यांसकट.

इतवारा

मी उतरले होते नलिनीकडे, इतवाऱ्यात. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती लग्न होऊन इकडे आली, इथेच गणित शिकवते. तिच्या गल्लीत दोन्हीकडून यंत्रमागांची खडखड चालू असते. वीज गेली की गल्ली एकदम गप्प होते आणि सगळे घराबाहेर येऊन ओट्यावर बसतात. गप्पांचा वेळ वीज मंडळ ठरवतं.

नलिनीने मांडे आणि आमरस केला होता. इथले मांडे म्हणजे आपल्या पुरणाच्या मांड्यांचे कुणी लागत नाहीत. मोठ्या रुमालाएवढी पातळ रोटी, उलट्या कढईवर भाजलेली, घडी घालून देतात. मी तीन खाल्ले आणि खाताना सगळं सांगितलं.

“तू इतकी का चिडलीयस?” ती म्हणाली. “चूक त्यांची आहे ना. नाव काढून टाकायला सांग, बस.”

“आणि रेघ?”

“रेघा इथे पुष्कळ आहेत गं. तू पुण्याहून येऊन किती पुसणार आहेस?”

मला तिचाही राग आला. वीस वर्षांत ती बऱ्हाणपूरची झाली होती आणि कार्यालयांकडून काही अपेक्षा करणं तिने सोडून दिलं होतं. मी पुण्यात राहून अजून ते सोडलं नव्हतं, कारण माझा कार्यालयांशी फार संबंधच येत नाही. हे तिने मला ऐकवलं. आम्ही मांडे संपेपर्यंत भांडलो. मग तिनेच म्हटलं, “रेघेवर जाऊन तरी बघ. कोण राहतं तिथे ते बघ.”

असीरगडच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मी शैलेशला सांगितलं, मला त्या रेघेवर ने. तो नाही म्हणाला नाही. जीप असीरगडच्या रस्त्याला लागली. समोर टेकडीवर किल्ला दिसत होता, सकाळच्या धुरकट उजेडात फारच देखणा, आणि दोन्ही बाजूंना केळी. खानदेशातून येताना केळी पाहिलेली असतात, पण इथे ती रस्त्याला खेटून भिंतीसारखी उभी राहतात. वाटेत घडांनी भरलेली एक ट्रॉली आडवी झाली होती. ट्रॅक्टरवाला, शैलेश आणि आमचा ड्रायव्हर तिघेही एकमेकांना सूचना देत होते आणि कुणी काही करत नव्हतं. मी उतरून चालायला लागले. बांधावरून जाताना एका तुटक्या पानाला पदर लागला. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही, हे मला नंतर कळलं. माझी समारंभासाठी आणलेली साडी नव्हती ती, एवढंच नशीब.

रस्त्यापासून आत महाजनांचं शेत आहे. पूर्वी एकच होतं. थोरला भाऊ वारल्यावर वाटणी झाली. वरचा भाग त्याच्या बायकोकडे, सुमनताईंकडे, आणि खालचा धाकट्या दिराकडे, भास्करभाऊंकडे. वाटणीत भांडण झालं नव्हतं. मधला बांध दोघांचा, विहीर वरच्या भागात, पाणी दोघांना पुरायचं. मग नकाशा आला. नकाशावरची रेघ त्यांच्या बांधापासून जरा वरून, सुमनताईंच्या गोठ्याजवळून जात होती. कार्यालयाने सुमनताईंचं अख्खं शेत लालात धरलं आणि भास्करभाऊंचं निळ्यात.

सुमनताई पन्नाशीच्या आसपास, उंच, पदर कमरेला खोचलेला. शैलेशला त्यांनी कार्यालयातल्या चकरांत पाहिलं होतं. मला बघून म्हणाल्या, “ह्याच का त्या पुण्याच्या बाई? ज्यांचं नाव कागदावर आहे?”

मी हो म्हटलं.

“मंग बरं झालं आल्या. मले एकच सांगा. माह्या गोठ्याच्या इकडी पाणी नही आणि तिकडी भरपूर आहे, हे तुमाले पुण्यात बसून कसं दिसलं?”

“मला नाही दिसलं. तो नकाशा चुकीचा आहे.”

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मग त्या जास्तच चिडल्या.

“चुकीचा आहे तं छापला कायले? वरीस झालं. माही विहीर आटत चालली, म्हणून मी बोअर मागितली, तं साहेब म्हणतात, बाई, तुम्ही लालमधी आहात. आणि भास्करभाऊले त्याच साहेबानं तीन बोअर पास केल्या. बांधाले चिकटून. त्याच्या मोटरा चालू झाल्या की माह्या विहिरीचं पाणी खाले जातं, मी उभी राहून पाहते. त्याले सांगितलं तं तो म्हणतो, वहिनी, मी काही चोरी नही करत, माह्याकडं कागद आहे.”

“आता बोलता का तुम्ही एकमेकांशी?”

“कायले बोलू? लेकीचं लग्न झालं, काका आला नही. नही आला तं नही आला.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं. त्या पाण्याचा तांब्या आणि दराबा घेऊन बाहेर आल्या. दराबा म्हणजे रव्याचा, तुपासाखरेत फेटफेटून हलका केलेला इथला गोड पदार्थ. चिडलेलं असलं तरी पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही, हे त्यांच्या अंगात होतं.

खालून मोटारींचा आवाज येत होता. म्हणजे वीज आली होती. मी बांधावर जाऊन उभी राहिले. या बाजूची केळी कमरेएवढी, पानांच्या कडा करपलेल्या. त्या बाजूची डोक्याच्या वर, ठिबकच्या काळ्या नळ्या, ओली माती. माझ्या पायाखाली एक बांध होता, माणसांनी घातलेला आणि दोन्ही घरांनी मानलेला. तो बिचारा काही करत नव्हता. सगळं केलं होतं ते जरा वरच्या त्या रेघेने, जी इथे कुणीच घातली नव्हती. ती यंत्राच्या सोयीसाठी होती. कुठूनही जाऊ शकली असती. मी संतापले. शैलेश मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, “बघ.” तो बघत होता. त्याने हे शेत याआधी फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

परतताना जीपमध्ये तो म्हणाला, “मॅडम, डेटा माझ्याकडे आहे. पूर्ण. आपण परत चालवू.”

“कुठे?”

“मशीन कुठे भी मिळतील. तुम्ही आहात ना.”

संगणक वर्ग

नलिनीच्या नवऱ्याचा इतवाऱ्यात कॉम्प्युटर क्लास होता. तेव्हा प्रत्येक गल्लीत असा एक क्लास असे, बाहेर पाटी, आत भिंतीला लावलेली मशीन आणि पडद्यांवर कापडी खोळी. मशीन एकमेकांना तारेने जोडलेली होती, मुलं त्यावर गेम खेळत म्हणून. आम्हाला तेवढं पुरे होतं. सुटीचा दिवस होता, क्लास रिकामा. समोरच्या यंत्रमागवाल्याने वीज गेली तर जनरेटरची तार टाकून द्यायचं कबूल केलं. बऱ्हाणपुरात मदत मागायला फार बोलावं लागत नाही, हे पुण्यातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते.

अख्खं खोरं बारकाईने चालवणं तिथे शक्य नव्हतं. आम्ही फक्त रेघेच्या आजूबाजूचा भाग घेतला, हिशेबाच्या चौकोनांची जाळी जरा मोठी ठेवली, तुकडे पाडले आणि सामाईक पट्टा रुंद केला. वर उन्हाळ्याचे आकडे, खाली पावसाळ्याचे, ही गल्लत काढून दोन्हीकडे एकाच हंगामाचे घेतले. आणि मग त्यांना बोलू दिलं.

पहिल्या फेरीत कडेवर दोन्ही बाजूंच्या पातळीत माणूस बुडेल एवढा फरक होता. असाच फरक कार्यालयाच्या भिंतीवर टांगला होता. शैलेश प्रत्येक फेरीला आकडा वाचायचा. फरक कमी व्हायला लागला. मधेच वीज गेली, सगळं पुसलं गेलं, मी टेबलावर हात आपटला आणि पेल्यातला चहा सांडला. जनरेटर लागला, आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नलिनी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने विचारलं, “म्हणजे दोघं एकमेकांना सांगतात आणि थोडं थोडं ऐकतात, एवढंच?”

“एवढंच.”

“आणि हे करायला यांना वेळ नव्हता.”

आता तीही चिडली होती. मला बरं वाटलं.

दुपार कलताना कडा जुळल्या. शैलेशने रंग भरले. रेघ गेली होती. मला वाटलं होतं, लाल जरा फिका होईल, निळा जरा फिका होईल, आणि सुमनताईंना त्यांची बोअर मिळेल. तसं झालं नाही. खालचा निळा ज्या पाण्याच्या भरवशावर निळा होता ते पाणी वरून येतच नव्हतं. निळा विरून गेला. दोन्ही शेतं लालच होती, वरचं जरा जास्त, खालचं जरा कमी. त्या पट्ट्यात नवी बोअर कुणालाच द्यायला नको होती. दिलेल्यासुद्धा द्यायला नको होत्या.

“सुमनताईंना काय सांगणार?” शैलेश म्हणाला.

“हेच.”

सभागृह

समारंभाच्या सकाळी मी साहेबांना गाठलं आणि नवा नकाशा समोर ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला. ते मूर्ख नव्हते, आणि म्हणून मला त्यांचा आणखी राग आला. त्यांना लगेच समजलं.

“हे तुम्ही क्लासमध्ये बसून केलं,” ते म्हणाले. “आमचं टेंडर काढून केलेलं आहे.”

“तुमचं अर्धवट आहे.”

“मॅडम, दिलेली परमिशन मागे घेतली तर लोक माझ्या दारात येतील. पुढच्या वर्षी नवीन नकाशा होईलच. तेव्हा हे सुधारू. तुम्हाला तुमचं नाव नको असेल तर आत्ता काढतो.”

आणि त्यांनी खरोखर शिपायाला बोलावलं. मंचावर तोच नकाशा मोठा करून लावला होता. शिपायाने माझ्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, अगदी व्यवस्थित, कडा दाबून. दोन मिनिटांत मी त्या भानगडीतून मोकळी झाले होते. नलिनीने हेच सुचवलं होतं. मी तिथे उभी राहून ती पट्टी बघत होते आणि मला कळलं की ही मला दिलेली लाच आहे. रेघ आहे तिथेच राहणार होती, खालच्या पूर्ण पट्ट्यात तशा आणखी रेघा पडणार होत्या, फक्त माझे हात स्वच्छ.

मी वर चढले आणि पट्टी उपटून काढली. कागद फाटला, नावाचा अर्धा भाग त्याच्याबरोबर गेला.

सभागृह भरलं होतं. पुढे कार्यालयाची माणसं आणि केळीचे व्यापारी, मागे शेतकरी. सुमनताई डावीकडे बायकांत बसल्या होत्या. उजवीकडे, शैलेशने नंतर दाखवले ते, भास्करभाऊ. माझं नाव पुकारल्यावर मी हारतुरे बाजूला ठेवले आणि बोलले. भाषण मोठं नव्हतं. ही पद्धत माझी आहे, म्हटलं, आणि हा नकाशा त्या पद्धतीने केलेला नाही. पद्धत सांगते की शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय उत्तर लिहू नका. इथे न बोलता लिहिलंय. ही जी सरळ रेघ दिसतेय ती जमिनीत नाही, मशीनमध्ये होती. तिच्या वर पाणी कमी आहे आणि खालीसुद्धा कमी आहे. खाली जे निळं दिसतंय ते पाणी नाही, रंग आहे. यावर नवीन बोअर देणं थांबवा आणि हीच चूक पुढच्या पट्ट्यात नेऊ नका.

साहेब उठून माइककडे यायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, मग सगळेच. ज्यांना परवानगी मिळाली नव्हती ते ओरडत होते, ज्यांना मिळाली होती ते त्याहून जोरात. शैलेशला एका व्यापाऱ्याने दंडाला धरून विचारलं की खरं काय ते तू सांग. तो कंपनीच्या लोकांसमोर म्हणाला, “मॅडम बोलताहेत ते खरं आहे. मी चालवलं होतं.” त्याची नोकरी पुढे राहिली नाही. हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं, आणि त्याबद्दलचा माझा रागही त्या दिवसाच्या हिशेबात आहे.

शेवटी गोंगाट आवरायला साहेबांनी जाहीर केलं की फेरतपासणी होईपर्यंत नकाशा स्थगित, कुणालाच परवानगी नाही, आणि त्या पट्ट्यात गेल्या वर्षी दिलेल्या बोअरची वीजजोडणी तोवर बंद. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

मी बाहेर आले तर पायऱ्यांवर भास्करभाऊ उभे होते. बुटके, पांढरा सदरा, घामाने भिजलेले.

“पुण्याची बाई,” ते म्हणाले, “माही बाग घडावर आहे. आता पाणी तुटलं तं सगळा माल जाईन. तुमचं काय गेलं? बोलून मोकळ्या झाल्या.”

मी म्हटलं, पाणी नाहीये भाऊ, एवढंच मी सांगितलं.

“ते मले भी माहीत आहे हो. कागद कुणी दिला होता? तुमीच ना?”

तेवढ्यात सुमनताई आल्या. मला वाटलं, आता निदान या तरी. त्या माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि दिरापेक्षा वरच्या आवाजात बोलल्या.

“मी म्हटलं होतं माही बोअर पास करा. त्याची बंद करा, असं कधी म्हटलं? तीन बोअर त्यानं अशाच खोदल्या का? आता मले भी नही आणि त्याले भी नही. काय मिळालं तुमाले?”

“वहिनी, जाऊ द्या,” भास्करभाऊ म्हणाले.

“कायले जाऊ देऊ? बोलू द्या मले.”

त्या बोलल्या. मी ऐकलं. माझ्या बाजूने बोलायला पुष्कळ होतं आणि सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य त्या पायऱ्यांवर म्हणण्यासारखं नव्हतं. आतून खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. राग माझ्या अंगात तसाच होता, साहेबांवर, कंपनीवर, त्या पट्टीवर, पण या दोघांसमोर तो ठेवायला जागा नव्हती.

शेवटी त्यांचा श्वास पुरेना. भास्करभाऊंनी मोटरसायकल आणली, सीटवरची धूळ रुमालाने झटकली.

“विहिरीत किती उरलं आहे?” त्यांनी विचारलं. मला नाही, वहिनीला.

“एका बागेपुरतं. ते भी रोज नही.”

“ज्या बागेत घड आहे तिले देऊ. तुमच्या रोपांचं मंग पाहू.”

“माही रोपं करपतीन.”

“मंग अर्धं अर्धं. बसा. घरी बोलू.”

त्या एका बाजूला पाय सोडून मागे बसल्या, पदर डोक्यावरून घट्ट घेतला. गाडी गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. अर्ध्याचा हिशेब कसा करायचा यावरून वाद सुरू झाला होता. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.